शेजारच्या फाउंड्रीमुळे दूरध्वनीत गुणगुण आणि इंटरनेट खंडित होणे: नेमके कारण कसे शोधावे?

आरेखक_शिरोली यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे यंत्रभागांची आरेखने करून देण्याचे छोटे कार्यालय आहे. फायबर आमच्या गल्लीपर्यंत अजून पोहोचलेले नाही, त्यामुळे तांब्याच्या तारेवरील दूरध्वनी आणि त्याच तारेवरचा एडीएसएल ब्रॉडबँड यांवरच आमचे काम चालते. मोबाइलवरून इंटरनेट घेऊन पाहिले, परंतु पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल इतका क्षीण असतो की शंभर एमबीची फाइल पाठवायला अर्धा दिवस जातो.

आमच्या भिंतीला लागून एक फाउंड्री आहे आणि तिथे इंडक्शन फर्नेस (विजेने धातू वितळवणारी भट्टी) चालते. गेल्या दिवाळीनंतर दोन तक्रारी सुरू झाल्या. पहिली अशी की फर्नेस चालू असताना दूरध्वनीत एक बारीक, चिकट अशी गुणगुण ऐकू येते आणि समोरच्या माणसाला तीच वाक्ये दोन-दोनदा सांगावी लागतात. दुसरी अशी की सकाळी साडेनऊनंतर मॉडेमचा संपर्क वारंवार तुटतो. काही दिवशी तासात पाच-सहा वेळा. मॉडेमच्या पानावर पहाटे एसएनआर मार्जिन (संपर्क टिकायला लागणाऱ्या पातळीच्या वर सिग्नलला उरलेला वाव) ११ डेसिबल असते, ते दिवसा २ ते ३ वर येते आणि सीआरसी त्रुटी (माहिती पोहोचताना झालेल्या चुका) हजारांनी वाढतात. एक्स्चेंजपासून आमचे अंतर सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे.

दूरध्वनी कंपनीकडे चार वेळा तक्रार केली. प्रत्येक वेळी लाइनमन आले, संध्याकाळी सहानंतर तपासून ‘लाइन ठीक आहे’ असा शेरा मारून गेले. एकदा मॉडेमही बदलून झाला. फाउंड्रीचे मालक सज्जन गृहस्थ आहेत, परंतु ‘फर्नेस पंधरा वर्षे इथेच आहे, तेव्हा तुमचे इंटरनेट चालत होतेच ना’ हा त्यांचा प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. मध्यंतरी फर्नेसचे अस्तर बदलण्यासाठी ती तीन दिवस बंद होती. त्या काळात दूरध्वनी अगदी स्वच्छ होता, इंटरनेट मात्र तेव्हाही दोन-तीनदा तुटलेच. ग्राहकांची आरेखने वेळेवर न गेल्यामुळे दोन कामे हातची गेली आहेत, म्हणून विचारतो: फर्नेसमुळे खरोखरच ब्रॉडबँड बंद पडू शकतो का, आणि तसे असेल तर ते सिद्ध कसे करावे?

जुना_लाइनवाला यांचे उत्तर

मी दूरध्वनी खात्यात एकतीस वर्षे बाहेरच्या लाइनींच्या देखभालीचे काम केले आहे. आपण प्रश्नाच्या शेवटी जाता जाता जे लिहिले आहे, त्यातच अर्धे उत्तर आहे. अस्तराच्या त्या तीन दिवसांत गुणगुण थांबली आणि इंटरनेट तरीही तुटत राहिले, याचा अर्थ हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची उगमस्थानेही बहुधा वेगळी आहेत.

आधी गुणगुणीविषयी. दूरध्वनीवरील आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यात जातो. विजेचे मूळ ५० हर्ट्झ या पट्ट्याच्या खाली राहतात आणि माणसाचा कान व दूरध्वनीचा रिसीव्हर दोन्ही त्यांच्याबाबतीत जवळजवळ बहिरे असतात. दूरध्वनीतील गोंगाट मोजताना जी आंतरराष्ट्रीय भारणरेषा वापरतात, तिच्यात ८०० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला ६३ डेसिबल कमी धरले जाते. म्हणजे तेवढाच त्रास द्यायला ५० हर्ट्झचा व्होल्टेज हजारपटीहून अधिक असावा लागतो. त्रास होतो तो संनादी लहरींचा, म्हणजे ५० च्या पटींतील वारंवारतांचा, ज्यांना वीज क्षेत्रात आपण हार्मोनिक म्हणतो. फर्नेसच्या पॅनेलमध्ये वीज प्रथम एकदिश केली जाते. साध्या सहा-पल्स रेक्टिफायरमधून पाचवी व सातवी, म्हणजे २५० आणि ३५० हर्ट्झची हार्मोनिक जोरात निघतात. बारा-पल्सचा असेल तर अकरावी व तेरावी, म्हणजे ५५० आणि ६५०. त्यांच्या वरच्याही निघतात, आणि त्या सगळ्या आवाजाच्या पट्ट्यात नेमक्या बसतात. शिवाय फर्नेसची कॉइल स्वतः काहीशे ते हजारभर हर्ट्झवर चालते. आपण वर्णन केलेली चिकट गुणगुण तीच असावी.

आता ब्रॉडबँड. एडीएसएल साधारण २५ किलोहर्ट्झपासून ११०४ किलोहर्ट्झपर्यंत काम करते आणि एडीएसएल२+ हा प्रकार २२०८ किलोहर्ट्झपर्यंत जातो. हा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या शेकडो कप्प्यांत विभागलेला असतो आणि मॉडेम प्रत्येक कप्प्यात गोंगाट किती आहे ते पाहून त्यात माहिती भरतो. पाचशे-सातशे हर्ट्झच्या हार्मोनिकांचा या पट्ट्याशी थेट संबंध येत नाही. म्हणून फाउंड्रीच्या मालकांचा प्रश्न रास्त आहे. पंधरा वर्षे जी फर्नेस आहे तीच दोषी धरण्याआधी, दिवाळीच्या सुमारास त्या आवारात नवे काय बसवले गेले, हे त्यांना विचारा. माझा अंदाज इन्व्हर्टर ड्राइव्हवर (मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणावर) चालणाऱ्या एखाद्या मोटरीचा आहे. हल्ली कॉम्प्रेसर, ब्लोअर, वाळूचे मिक्सर, सगळेच त्यावर घेतात.

परंतु शेजाऱ्याकडे जाण्याआधी स्वतःचे घर तपासा. वेल्समधील ॲबरहोसन या गावात सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता संपूर्ण गावाचा ब्रॉडबँड कोसळत असे. तिथल्या कंपनीने केबलचे मोठे भाग बदलूनही फरक पडला नाही. शेवटी अभियंते पहाटे सहा वाजता स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या वारंवारतेवर किती गोंगाट आहे ते दाखवणारे यंत्र) घेऊन गावभर फिरले, तेव्हा एका घरातला जुना दूरचित्रवाणी संच सापडला, जो रोज सातला लावला जाई. ही गोष्ट २०२० मध्ये जगभर छापून आली. तेव्हा आपला मॉडेम बॅटरीवर किंवा यूपीएसवर चालवा, कार्यालयाचा मेन स्विच बंद करा आणि मार्जिनचा आकडा पाहा. तो वर गेला तर दोष आपल्याच एखाद्या स्वस्त चार्जरचा किंवा दिव्याच्या ड्रायव्हरचा आहे. फक्त यूपीएस स्वतःही गोंगाट करू शकतो, म्हणून साधी बॅटरी मिळाली तर उत्तम.

दुसरी चाचणी ट्रान्झिस्टर रेडिओची. मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ असा आहे, म्हणजे ब्रॉडबँडच्या पट्ट्यातच मोठ्या प्रमाणात येतो. पुण्यात ७९२ किलोहर्ट्झवरचे आकाशवाणी केंद्र ज्या पट्ट्यात बोलते, त्याच पट्ट्यात मॉडेमही काम करत असतो. तेव्हा जुना एएम रेडिओ घ्या, ६०० च्या आसपास जिथे एकही केंद्र लागत नाही अशी जागा शोधा आणि भिंतीजवळून, तारेजवळून चालत जा. जो खरखराट रेडिओला ऐकू येतो तोच मॉडेमला ऐकू येत असतो. रेडिओची फेराइटची कांडी, म्हणजे आतला अँटेना, एका दिशेने कमी व दुसऱ्या दिशेने जास्त ऐकते, त्यामुळे संच फिरवून उगमाची दिशाही समजते. या कामासाठी आम्ही वर्षानुवर्षे हेच साधन वापरले.

चार-पाच दिवस एक वही ठेवा आणि तिच्यात तीन रकाने करा: वेळ, मॉडेमचे मार्जिन, आणि शेजारी त्या क्षणी काय चालू होते. लाइनमनला सायंकाळी बोलावून उपयोग नाही; तक्रारीत ‘सकाळी दहा ते चार या वेळेतच तपासणी करावी’ असे लिहा आणि प्रत्येक वेळी तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. अपील करायची वेळ आली तर तोच क्रमांक लागतो.

सांगलीकर यांचे उत्तर

आमच्याकडे हाच त्रास होता. आम्ही आसपासच्या सहा गाळेधारकांना एकत्र केले, फायबरसाठी एकत्रित मागणीपत्र दिले आणि तीन महिन्यांत जोडणी मिळाली. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्याला ड्राइव्ह काय किंवा वेल्डिंग काय, काहीच बाधत नाही. तांब्याच्या तारेवर आणखी वेळ आणि पैसा घालवू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पॅनेलवाला_भोसरी यांचे उत्तर

मी ड्राइव्हची पॅनेल बनवतो, त्यामुळे जुना_लाइनवाला यांच्या अंदाजाला दुसऱ्या बाजूने पुस्ती जोडतो.

४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये आत सुमारे ५६० व्होल्टचा डीसी असतो. ड्राइव्ह तो सेकंदाला काही हजार वेळा कापून मोटरीला देतो. कापण्याची वारंवारता चार किंवा आठ किलोहर्ट्झच असते, परंतु प्रत्येक कापाची कड एका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या किंवा त्याहूनही कमी वेळात उभी राहते, आणि अशा तीव्र कडेत मेगाहर्ट्झपर्यंतची ऊर्जा असते. मोटरीच्या केबलमध्ये आणि जमिनीमध्ये जी नैसर्गिक धारिता असते, ती प्रत्येक कडेला भरते व रिकामी होते, आणि तो प्रवाह परत ड्राइव्हकडे जायला वाट शोधतो. शिल्ड केबल असेल आणि तिचे शिल्ड दोन्ही टोकांना सर्व बाजूंनी क्लॅम्पने घट्ट पकडलेले असेल, तर तो शिल्डमधूनच परततो. साधी केबल असेल तर तो शेडच्या खांबांतून, पत्र्यातून, अर्थिंगच्या पट्टीतून, मिळेल त्या मार्गाने फिरतो. आपली दूरध्वनीची तार त्याच भिंतीवर त्या केबलला समांतर गेली असेल, तर ती त्या फेऱ्यात आलीच.

एक गोष्ट आवर्जून पाहायला सांगतो, कारण ती मी भोसरीत आणि चाकणला अनेकदा पाहिली आहे. बहुतेक ड्राइव्हमध्ये आत ईएमसी फिल्टर असतो आणि तो एका स्क्रूने किंवा जंपरने अर्थला जोडलेला असतो. हा फिल्टर गोंगाट अर्थमध्ये वळवतो, त्यामुळे थोडा गळती प्रवाह वाहतो आणि मागे ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तो ट्रिप होतो. बसवणाऱ्याला मशीन चालू करून द्यायची घाई असते. तो स्क्रू काढून ठेवतो, ट्रिपिंग थांबते आणि सगळ्यांना वाटते की काम झाले. प्रत्यक्षात त्या क्षणापासून फिल्टर निरुपयोगी होतो आणि त्याचा भार शेजारच्यांच्या तारांवर पडतो. अर्थ नसलेल्या पुरवठ्यावर हा स्क्रू काढावाच लागतो, तसे उत्पादकही सांगतात. परंतु आपल्याकडच्या नेहमीच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलच्या पुरवठ्यावर तो काढायचे कारण नाही. खरा उपाय म्हणजे ड्राइव्हसाठी योग्य असा, टाइप बीचा (डीसी गळतीही ओळखणारा) ईएलसीबी योग्य क्षमतेने निवडणे आणि अर्थिंग भक्कम करणे. गळती साडेतीन मिलिअँपिअरच्या वर जात असेल तर अर्थची तार निदान १० चौरस मिलिमीटर तांब्याची असावी. ईएलसीबी मात्र कोणीही बायपास करू नये, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

मालकांशी बोलताना ड्राइव्हवरील आयईसी ६१८००-३ या, ड्राइव्हच्या विद्युत गोंगाटाविषयीच्या मानकाची श्रेणी विचारा. सी३ श्रेणीचा ड्राइव्ह औद्योगिक परिसरासाठी असतो आणि त्याला मोजक्या लांबीची शिल्ड केबल गृहीत धरलेली असते. वीस मीटरसाठी तपासलेला ड्राइव्ह साठ मीटर साध्या केबलवर चालवला तर ती श्रेणी कागदावरच राहते. कृपया पॅनेल आपण स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे प्राणघातक व्होल्टेज असतो. ते काम त्यांच्या इलेक्ट्रिशियनने उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून आणि मीटरने खात्री करूनच करावे.

सांगलीकर यांचे म्हणणे फायबरपुरते बरोबर आहे, परंतु फायबर येते ते भिंतीवरच्या डब्यापर्यंत. तिथून पुढची संगणकाची केबल जर मोटरीच्या केबलच्याच ट्रेमधून नेली, तर आतले नेटवर्क तसेच अडखळते. मी असे दोन कारखाने पाहिले आहेत, जिथे फायबर घेऊन वर्षभर दोष फायबरलाच दिला जात होता.

आरेखक_शिरोली यांचे पुढचे निवेदन

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितो आहे, कारण वही पूर्ण करायची होती.

मेन स्विच बंद करून मोटारीच्या बॅटरीवर मॉडेम चालवला. मार्जिन ३ वरून ४ वर गेले, म्हणजे आमच्या कार्यालयाचा वाटा थोडाच होता. नंतर वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन फिरलो. सामाईक भिंतीच्या मागच्या अर्ध्या भागात इतका खरखराट होता की आवाज कमी करावा लागला, आणि फर्नेस त्या भागात नाहीच, ती पुढच्या बाजूला आहे. मालकांना वही दाखवली आणि रेडिओ त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो स्वतः फिरवून पाहिला आणि थेट नव्या स्क्रू कॉम्प्रेसरसमोर जाऊन उभे राहिले. तो दिवाळीच्या आधल्या आठवड्यात बसवलेला आहे. त्यांनी दहा मिनिटे कॉम्प्रेसर बंद ठेवला, तेवढ्यात मार्जिन ९ वर गेले. पुन्हा सुरू करताच ३ वर आले. हे तीनदा करून पाहिले आणि तीनदा तसेच झाले.

पॅनेलवाला_भोसरी यांचा मजकूर मी त्यांच्या इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवला. बसवताना ईएलसीबी ट्रिप होत असल्यामुळे स्क्रू काढला होता, असे त्यांनी लगेच सांगितले; तो स्क्रू पॅनेलच्या दारात एका पिशवीत जपून ठेवलेलाही होता. आता स्क्रू पुन्हा बसवला आहे, ईएलसीबी बदलला आहे, अर्थची नवी तार टाकली आहे आणि ड्राइव्हपासून मोटरीपर्यंतची आठ मीटर केबल शिल्डची घेतली आहे. खर्च निम्मा देण्याची मी तयारी दाखवली होती, पण मालकांनी तो घेतला नाही. आम्ही आमची ड्रॉपवायर (कार्यालयापर्यंत येणारी दूरध्वनीची शेवटची तार) त्या भिंतीवरून काढून समोरच्या खांबावरून आणवली. चार दिवसांत दिवसाचे मार्जिन ९ ते १० आहे आणि संपर्क एकदाच तुटला, तोही वीज गेली तेव्हा.

गुणगुण मात्र तशीच आहे. ड्रॉपवायर बदलूनही ती फारशी कमी झाली नाही. फर्नेस चालू असली की येते, बंद झाली की जाते. फर्नेसला काही करता येण्यासारखे आहे का?

जुना_लाइनवाला यांचे उत्तर

आपण पद्धतशीर काम केलेत, त्याचा फार आनंद झाला. आता फर्नेसला हात लावण्याआधी तारेकडे पाहू या.

सुरुवातीच्या काळात दूरध्वनीसाठी एकच तार असे आणि परतीचा मार्ग जमिनीतून. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या आल्या, त्यांचा प्रवाहही जमिनीतूनच परते, आणि दूरध्वनीवर बोलणे अशक्य झाले. तेव्हापासून दोन तारांचा परिपथ रूढ झाला. त्या दोन तारांना पीळ देण्याचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच घेतले होते. त्यातले मर्म असे की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि दूरध्वनी फक्त दोन तारांमधला फरक ऐकतो. फरक शून्य, म्हणून गोंगाटही शून्य. फर्नेसची हार्मोनिक आपल्या तारेवर पंधरा वर्षे चढतच असणार. ती ऐकू यायला लागली, म्हणजे दोन तारांमधला समतोल कुठेतरी बिघडला आहे. एका तारेचा जॉइंट गंजला, किंवा एका तारेचे इन्सुलेशन पावसात भिजून जमिनीकडे गळू लागले, की तेवढ्या फरकाचा गोंगाट कानात येतो. कॉम्प्रेसर आणि गुणगुण एकाच सुमारास सुरू झाले, त्यामुळे आपल्याला ते एकच वाटले. त्या वर्षीच्या पावसाने जॉइंट खराब केला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ब्रॉडबँडलाही अशा असमतोलाचा फटका बसतो, तेव्हा तो दुरुस्त झाल्यावर आपले मार्जिन आणखी एक-दोन डेसिबलने वाढले तर नवल वाटायला नको.

उच्चदाब वाहिन्या दूरध्वनीच्या तारांजवळून नेताना वीज आणि दूरध्वनी या दोन्ही खात्यांची संयुक्त समिती आधी प्रवर्तित व्होल्टेजचे, म्हणजे वाहिनीमुळे दूरध्वनीच्या तारेवर उमटणाऱ्या व्होल्टेजचे, गणित तपासते आणि वाहिनीत बिघाड झाला तरी साधारण ४३० व्होल्टची मर्यादा पाळायला लावते. कारखान्याच्या आतल्या केबलींसाठी अशी आगाऊ तपासणी नाही, म्हणून तारेचा समतोल हाच आपला खरा बचाव आहे.

तक्रार नव्याने नोंदवा आणि तिच्यात ‘लाइनमध्ये आवाज येतो’ एवढेच न लिहिता पुढील मागणी स्पष्ट शब्दांत करा: दोन्ही तारांचा जमिनीशी रोध वेगवेगळा मोजावा, लूपचा (दोन्ही तारा मिळून होणाऱ्या परिपथाचा) रोध मोजून दोन्ही तारांची तुलना करावी, आणि गल्लीच्या तोंडाशी जो पिलर (तारा जोडण्याची पेटी) आहे त्यातील आपल्या जोडीचा जॉइंट उघडून नव्याने करावा. मोजमापाचे आकडे लाइनमनकडून कागदावर लिहून घ्या आणि ते इथे टाका. एका तारेचा आकडा दुसरीपेक्षा बराच कमी आला, तर दोष कोणत्या टप्प्यात आहे ते शोधायचे कसे, हे मी आपल्याला पायरीपायरीने सांगेन.